खोकल्याचे औषध द्या हो!

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचे शब्दांकन)



सचिवांनी मला गाठले तेव्हा ते म्हणाले, "काका, आरोग्यावर बोला, पण हार्ट आणि शुगर नको. ते दोन्ही झालेत." मग उरले काय? मी दुकानात दिवसभर जे ऐकतो तेच उरले. सकाळी शटर वर केल्यापासून कानावर पडते ते "केम्मु, नेगडीगे मात्रे कोडी." आपल्या माणसांचे त्याचेच मराठी, "खोकल्याचे औषध द्या हो, जरा चांगलेसे." तेव्हा आज सर्दी-खोकला हाच विषय. विषय क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटते त्यांनी शेवटपर्यंत बसावे एवढीच विनंती.

आधी एक खुलासा. मी डॉक्टर नाही. कोल्हापूरला डी. फार्म. केले, जिगणीच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षे काढली आणि मग इथे आनेकलला दुकान टाकले. त्यामुळे औषध तयार होताना मी पाहिले आहे आणि ते लोक कसे घेतात तेही रोज पाहतो. या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे.

आपण इकडे आलो तेव्हा सगळ्यांना बेंगळूरच्या हवेचे केवढे कौतुक! समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंची, पंख्याशिवाय झोप. पण वर्ष-दोन वर्षांत निम्म्या घरांत शिंका सुरू होतात. बोम्मसंद्र्याची धूळ आहे, रिकाम्या प्लॉटवर माजलेले गाजर गवत आहे, पावसाळ्यात भिंतींना धरणारी बुरशी आहे. या शिंका म्हणजे पडसे नव्हे. सकाळी उठल्याबरोबर दहा-बारा शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना आणि टाळूला खाज, ताप मुळीच नाही, आणि हे महिनोन् महिने चालते, ती ॲलर्जी. पडसे वेगळे. घसा खवखवतो, नाक वाहते, अंग कणकणते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळस होतो आणि आठ-दहा दिवसांत उतरते. मागे खोकला राहतो, तो कधी कधी तीन आठवडे रेंगाळतो. पडसे औषध घेतले तर सात दिवसांत आणि नाही घेतले तर एका आठवड्यात बरे होते, हा विनोद तुम्ही ऐकलाच असेल. औषधांच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, तो विनोद खरा आहे.

म्हणून काउंटरवर कोणी आले की मी बाटली काढायच्या आधी विचारतो. औषध कोणाला? वय काय? किती दिवस झाले? ताप आहे का, धाप लागते का? आणि दुसरी कोणती औषधे चालू आहेत? गिऱ्हाईक वैतागते. "अहो, तुम्ही औषध द्या ना, मुलाखत कसली घेता!" पण या मुलाखतीत गंमत अशी होते की निम्म्या वेळा औषध द्यावेच लागत नाही. आपल्याच वसाहतीतले एक निवृत्त मास्तर दोन महिने कोरड्या खोकल्याने हैराण होते. तीन प्रकारची सिरपे झाली होती. विचारता विचारता कळले की ब्लडप्रेशरसाठी रामिप्रिल सुरू झाल्यापासून हा खोकला आहे. या गटातल्या गोळ्यांनी काही माणसांना असा कोरडा खोकला होतो. मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे परत पाठवले, गोळी बदलून मिळाली, खोकला गेला. मात्र हे ऐकून उद्या कोणी आपली बीपीची गोळी परस्पर बंद करू नका, नाहीतर माझ्यावर यायचे!

आता त्या रंगीत पट्ट्यांकडे वळू. सर्दीची म्हणून जी गोळी मिळते ती एक औषध नसते, तीन-चार औषधांची खिचडी असते. तिच्यात बहुतेक वेळा पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम असते. शिवाय शिंका कमी करणारे आणि झोप आणणारे एक, नाक मोकळे करण्यासाठी फेनिलेफ्रिन, आणि कधी झोप उडवायला कॅफीन. म्हणजे एकाच गोळीत झोप आणणारेही आणि झोप उडवणारेही! लोक काय करतात, सर्दीची गोळी घेतात, ताप आला म्हणून वर क्रोसिन किंवा डोलो घेतात आणि अंगदुखीला आणखी तिसरी घेतात. तिन्हींत पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाने चोवीस तासांत सगळे मिळून ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि रोज पिणाऱ्यांनी, यकृताचा त्रास असणाऱ्यांनी त्याहून पुष्कळ कमी घ्यावे, तेही डॉक्टरांना विचारून. डोलो ६५० दिवसात सहा घेतल्या की ३.९ ग्रॅम होतात, आणि सर्दीच्या दोन गोळ्यांत आणखी १ ग्रॅम. मर्यादा ओलांडली आणि पत्ताही लागला नाही. पट्टीवरचे ठळक नाव वाचू नका. मागच्या बाजूचे बारीक अक्षर वाचा, चष्मा लावून वाचा.

फेनिलेफ्रिनची कथा तर मजेशीर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितले की तोंडाने घेतलेले फेनिलेफ्रिन बंद नाक उघडत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते तिथल्या यादीतून काढण्याचा प्रस्तावही आला. इतकी वर्षे आपण जे गिळले त्याचा उपयोग नाकाला नव्हताच! नाकात घालायचे थेंब मात्र काम करतात, झायलोमेटाझोलिन वगैरे. दोन मिनिटांत नाक मोकळे. पण तिथे दुसरा सापळा आहे. तीन ते पाच दिवसांच्या पुढे ते वापरले की थेंबाचा असर उतरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते, मग पुन्हा थेंब. इलेक्ट्रॉनिक सिटीतले एक आयटीवाले गृहस्थ दोन वर्षे खिशात ती बाटली घेऊन हिंडत होते. बीपीवाल्यांनी हे थेंब विचारल्याशिवाय घेऊच नयेत. आणि ज्या आजोबांना प्रोस्टेटचा त्रास आहे त्यांना सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळीने लघवी अडण्याचा धोका असतो. साधे मिठाचे पाणी नाकात सोडणे कोणालाच बाधत नाही, पण त्याला गिऱ्हाईक नाही, कारण ते महाग नाही.

आमच्या बायकांच्या घरगुती औषधांवर मी टीका करणार नाही, घरी जायचे आहे. आणि टीका करण्यासारखे फारसे नाहीही. अडुळसाच घ्या. इथले लोक त्याला आडुसोगे म्हणतात आणि आनेकलच्या बांधाबांधावर तो दिसतो. याच अडुळशातल्या व्हॅसिसीन नावाच्या द्रव्यावरून पुढे ब्रोमहेक्सिन तयार झाले, आणि त्याच्याच घराण्यातले अँब्रोक्सॉल. म्हणजे तुम्ही शंभर-दीडशे रुपयांची बाटली नेता तेव्हा आजीच्या काढ्याचा नातू घरी नेता. रात्रीच्या खोकल्याला चमचाभर मध खरोखर उतार देतो. फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. बारशाला चाटवायची रीत असली तरी नको. मधातून क्वचित एका विषारी जंतूचे बीज जाते आणि एवढ्या लहान आतड्यात ते रुजते. ज्येष्ठमध चघळणाऱ्या बीपीच्या रुग्णांनी बेताने चघळावा, त्याने रक्तदाब चढतो. कापराचा बाम दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये आणि कोणाच्याच नाकपुडीत घालू नये. वाफेने बरे वाटते हे खरे, पण उकळत्या पाण्याचे पातेले मांडीशी घेऊन लहान मुलाच्या डोक्यावर टॉवेल टाकू नका. कोरोनाच्या काळात अशी कितीतरी पोरे भाजली.

आता लहान मुलांबद्दल, आणि इथे थोडे गंभीर व्हावे लागेल.

१९८६ साली मी कोल्हापूरला शिकत होतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, १९८७ मध्ये अहवाल आला, आणि औषध खरेदीपासून परवान्यांपर्यंतचा कारभार त्यांनी असा काही उघडा पाडला की आमचे सर वर्गात त्याची कात्रणे वाचून दाखवीत. पुढे जिगणीला प्रयोगशाळेत ग्लिसरीनचे पिंप यायचे तेव्हा मला ती कात्रणे आठवायची. ग्लिसरीन रंगहीन, दाट, गोडसर. डायएथिलीन ग्लायकॉलही रंगहीन, दाट, गोडसर. हातात घेऊन, चाखून, वास घेऊन फरक कळत नाही. प्रयोगशाळेत तपासणी केली तरच कळतो. सिरप बनवायला लागणाऱ्या अशा द्रवांची ही तपासणी म्हणजे आमच्या मते दिवसाचे कंटाळवाणे काम होते. नवी मुले कुरकुर करत, "सर, रोज तोच निकाल येतो." मी म्हणायचो, रोज तोच येवो.

जिथे ही तपासणी झाली नाही तिथे काय झाले ते आपण पाहिले. २०२२ मध्ये आपल्या देशातून गेलेल्या सिरपांशी गांबियातल्या मुलांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला, त्याच वर्षी उझबेकिस्तानचे प्रकरण आले. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ नावाच्या सिरपने वीसहून अधिक मुले गेली. त्यांतली कितीतरी उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. ते सिरप तमिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यातल्या कारखान्यात बनले होते. चालू शकते ते प्रमाण ०.१ टक्का, आणि त्या बाटलीत निघाले ४८.६ टक्के. जवळजवळ अर्धी बाटली विष! मुलांना आजार कसला होता? सर्दी, खोकला, साधा ताप. औषध घेतल्यावर लघवी बंद झाली.

ती बातमी आली त्या दिवशी मी दुकानातल्या सगळ्या सिरपांच्या बाटल्या खाली उतरवून एकेक लेबल आणि बॅच नंबर वाचला. ते सिरप आमच्याकडे नव्हते. तरीही त्या रात्री झोप लागली नाही, कारण लेबल वाचून आतले कळत नाही हे मला इतर कोणाहीपेक्षा जास्त माहीत आहे.

केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळवले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्यांनाही साधारणपणे ती देऊ नयेत. त्याच्याही आधी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना नको असे सांगितले गेले होते. यातले कारण भेसळ हे नव्हते. शुद्ध असले तरी या वयात त्या औषधांचा फायदा दिसत नाही आणि झोप, छातीत धडधड, श्वास मंदावणे हे त्रास दिसतात. तेव्हा वहिनी, माझ्या दुकानात तीन वर्षांच्या पोरासाठी सिरप मागितले आणि मी नाही म्हटले तर समोरच्या दुकानात जाऊ नका. राग धरा, पण जाऊ नका.

तापाला पॅरासिटामॉल चालते, पण तेही वजनावर, वयावर नव्हे. एका वेळी किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचे अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. बाटल्यांचा घोळ लक्षात घ्या. एका सिरपात ५ मिलिलिटरला १२० असते, दुसऱ्यात २५०, आणि बाळाच्या ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरलाच १००. बारा किलोच्या मुलाला एका वेळी फार तर १८० मिलिग्रॅम चालेल. कोणी ड्रॉप्सची बाटली सिरप समजून ५ मिलिलिटर पाजली तर पोटात ५०० जातात. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचे माप वापरा आणि ते माप हरवू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरात काहीच देत बसू नका, सरळ दवाखाना. या दिवसांत इथे डेंग्यूही असतो, म्हणून सर्दी नसलेल्या नुसत्या तापाला ब्रुफेन, ॲस्पिरिन घरच्या घरी नको.

आयांनी एक गोष्ट शिकून घ्यावी, तिला पैसे पडत नाहीत. मूल शांत असताना त्याचे पोट उघडे करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, तर ती सर्दी राहिलेली नाही. बरगड्यांखालचा भाग श्वासाबरोबर आत ओढला जात असेल, मूल पाणी-दूध घेत नसेल, तर मोजतही बसू नका, रिक्षा बोलवा.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगतो. ज्यांची ही हकिकत आहे ते इथेच बसले आहेत, त्यांना विचारूनच सांगतो आहे.

आपल्याकडे गलाईवाले बरेच आहेत, विट्याकडचे, खानापूर-आटपाडीचे. सोने-चांदी गाळायचा धंदा घेऊन ही माणसे साऱ्या दक्षिणेत पसरली. आमचे हे मित्र त्यांतलेच. छोटेसे दुकान, मागे भट्टी, नायट्रिक ॲसिडचा तो तांबूस धूर. एके श्रावणात ते आले. "दादा, खोकला लागलाय, औषध द्या की." मी विचारले, किती दिवस? म्हणाले, "ह्ये काय, चार दिस." मी सिरप दिले. दोन आठवड्यांनी पुन्हा आले, "ते गुळचट नगं, कडक द्या." मी दुसरे दिले. गणपतीच्या गडबडीत तिसरे माझ्या पोराने दिले, मी जेवायला गेलो होतो. मी एकदा म्हटले, अहो डॉक्टरांना दाखवा. ते हसले, "आमचा धंदाच ॲसिडचा, खोकला यायचाच. भट्टी बंद करू व्हय?" मलाही ते पटले. इथेच माझी चूक झाली. कारण समोर दिसत होते म्हणून मी दुसरे कारण शोधले नाही.

मध्ये त्यांना बरे वाटले. नंतर कळले की मेहुण्याच्या घरी उरलेली लिव्होफ्लॉक्सासिनची पट्टी त्यांनी खाल्ली होती. हे औषध क्षयाच्या जंतूंनाही थोडेफार दाबते. आठ-दहा दिवस उतार पडतो, माणूस निश्चिंत होतो, आणि रोग आतल्या आत वाढत राहतो. म्हणून ॲंटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मागू नका. पट्टीवर ती तांबडी उभी रेघ आहे ना, ती नक्षी म्हणून छापलेली नाही. पडशाला तर त्या औषधांचा काडीचा उपयोग नाही, पडसे विषाणूंमुळे होते.

दसऱ्याच्या सुमारास वहिनी आल्या, तापाच्या गोळ्या न्यायला. जाता जाता म्हणाल्या, "भावजी, यांचं काय कळंना. रात्री बनियन पिळून काढावं इतका घाम येतोय, आन् पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली." माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. दोन महिन्यांत मी त्या माणसाला तीन बाटल्या विकल्या आणि एकदाही त्याच्या पट्ट्याकडे पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुकान पोरावर टाकून मी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. बेडका तपासला, छातीचा फोटो काढला. क्षय. एक पैसा लागला नाही. औषधे फुकट, शिवाय निक्षय पोषण योजनेचे पैसे खात्यात येतात, २०१८ पासून महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. सहा महिन्यांचा कोर्स त्यांनी एकही दिवस न चुकवता पूर्ण केला. घरच्यांचीही तपासणी झाली. वहिनी आणि मुले ठीक निघाली. पण दुकानातच झोपणारा, गावाकडून आलेला वीस वर्षांचा कारागीर पोरगा, त्यालाही लागण झालेली निघाली. मी तिसऱ्या बाटलीऐवजी पहिल्याच खेपेला नीट विचारले असते तर तो पोरगा वाचला असता का, हे मला कोणी सांगू शकत नाही. तोही बरा झाला. परवा मिरवणुकीत ढोल बांधून पुढे होता.

तेव्हापासून दुकानात एक वही आहे. खोकल्याचे औषध नेणाऱ्याचे नाव आणि तारीख मी त्यात लिहितो. दोन आठवड्यांत तेच नाव परत आले की औषध मिळत नाही, दवाखान्याचा पत्ता मिळतो. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, बेडक्यातून रक्त आले, वजन उतरले, संध्याकाळचा बारीक ताप येत राहिला, तर बेडका तपासायचाच. जिगणीला ग्रॅनाइट कापणाऱ्या आणि पॉलिश करणाऱ्या आपल्या बांधवांनी तर आणखी जपावे. दगडाची ती बारीक धूळ फुप्फुसात साचते आणि अशा फुप्फुसाला क्षय लवकर धरतो. "धुळीचाच खोकला आहे" हे वाक्य त्यांनी मला सांगू नये, मी एकदा फसलो आहे. रात्री-पहाटे छातीत शिट्टी वाजत खोकला येत असेल तर तो दम्याचा असू शकतो, तिथे सिरप म्हणजे वेळ घालवणे, पंप घ्यावा लागतो आणि पंपाची सवय वगैरे काही लागत नाही.

या वहीमुळे माझी काही गिऱ्हाइके तुटली. एक-दोघे अजून बोलत नाहीत. आमच्या पोराचे म्हणणे, "बाबा, असे करून दुकान चालायचे नाही." दुकान अजून चालू आहे.

सचिव घड्याळ दाखवताहेत, आरतीची वेळ झाली. प्रश्न असतील ते प्रसादाच्या रांगेत विचारा, फक्त पुड्या बांधायला मला मदत करा. आणि हो, मागे कोणीतरी भाषणभर खोकत होते. त्यांनी जाण्यापूर्वी मला भेटावे.